‘परवानगी येतेच’ म्हणत 12 लाख 40 हजार नेले

जमिनीचे एजंट कसे बोलतात हे तुम्हाला सांगायला नको. तरी लिहितोय, कारण माझ्यासारखा साठेखताचा, म्हणजे जमीन पुढे विकत देण्याच्या कराराचा, नोटरी केलेला कागद फायलीत जपून ठेवलेले अजून कितीतरी जण असणार.

मी घ्यायला निघालो ती जमीन 20 गुंठे जिरायत, गुंठ्याला 62,000. इसार 51,000. नंतर 6,50,000 खातेदाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या, बँक खात्यावर आरटीजीएसने. 4,00,000 रोख, ज्याची पावती ‘नंतर एकदमच करू’. आणि शेवटचे 1,39,000 ‘नजराण्यासाठी’, थेट एजंटच्या हातात. तेव्हाच लक्षात ठेवा: नजराणा, म्हणजे विक्रीच्या परवानगीसाठी भरायची रक्कम, चलनाने सरकारजमा होतो, कुणाच्या खिशात नाही.

आता तो क्षण, ज्याने आजही झोप उडते. सातबाऱ्याची झेरॉक्स टेबलावर होती. एजंट पेनाचं टोक खातेदाराच्या नावावर आणि क्षेत्रावर टेकवून बोलत होता, ‘दादा, नाव बघा, एकच खातेदार, वारसांची भानगड नाही.’ आणि वर भूधारणा पद्धतीसमोर स्वच्छ छापलेलं होतं, भोगवटादार वर्ग 2. इतर हक्कांच्या रकान्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा! तो हसला. ‘फाईल कलेक्टर ऑफिसला गेलीय, परवानगी येतेच. तोवर साठेखत नोटरी करून ठेवू, खरेदीखत नंतर.’ फाईल गेली असेल तर आवक क्रमांक असतो. तो मागायचा. तेवढा एक आकडा मागितला असता तर तो तिथंच त-त-प-प करायला लागला असता.

घरचे म्हणतात, शिकलेला माणूस फसतो कसा. मी स्वतः शेतकरी कुटुंबातला, सातबारा लहानपणापासून बघतोय. पण आमची वडिलोपार्जित जमीन वर्ग 1, तिथं कुणाला विचारावं लागत नाही. ही जमीन खातेदाराच्या वडिलांना भूमिहीन म्हणून शासनाने दिलेली. महसूल संहिता 1966 च्या कलम 29 प्रमाणे अशी जमीन वारसांकडे जाते, पण परवानगीशिवाय विकता येत नाही. हे एजंटला पुरेपूर माहीत होतं. म्हणून तर दुय्यम निबंधकाकडे न नेता नोटरीकडे नेलं. साठेखताने मालकी येत नसते, नोटरीच्या शिक्क्याने तर नाहीच.

मोजणीचंही तेच. खाजगी माणूस मशीन घेऊन आला, 12,500 घेतले, चार दगड रोवून गेला. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हातात नसेल तर त्या दगडांना काडीची किंमत नाही. आता शेजारच्या गटाचा मालक म्हणतो, दोन दगड माझ्या बांधात आहेत. सरकारी मोजणीचा अर्ज करायला गेलो तर उत्तर मिळालं, तुम्ही खातेदार नाही.

मग सुरू झाली कचेऱ्यांची वारी. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. अहो, एकही अर्ज न करता परवानगीच्या नावाखाली 1,39,000 उकळले, ही दिवाणी बाब? फसवणुकीचं कलम कशासाठी ठेवलंय? तक्रार अर्जाची पोच द्यायलाही तयार नव्हते. निबंधक कार्यालय म्हणालं, आमच्याकडे दस्तच नोंदलेला नाही. आणि तहसील कार्यालयाने तर कहर केला. साहेबांनी साठेखत वाचलं आणि म्हणाले, ‘हा तर शर्तभंग झाला, अहवाल वर पाठवतो.’ म्हणजे मी तक्रार करायची, त्यावरून खातेदाराला नोटीस जायची, जमीन सरकारजमा व्हायची, आणि माझे पैसे? ‘त्याच्याशी आमचा संबंध नाही.’ एजंट मोकळा, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. खातेदार म्हातारा सांगतो, खात्यावर आलेले पैसे एजंटने त्याच दिवशी काढून नेले.

सातबारा एजंटकडून घेऊच नका. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. त्यावरचे फेरफार क्रमांक काढून एकेक नोंद वाचा, जमीन मुळात कुठून आली ते तिथंच कळतं. रोख देऊ नका, कितीही घाई केली तरी.

आणि ज्यांचं साठेखत आधीच झालंय, त्यांनी ‘पुढच्या महिन्यात नक्की’वर बसून राहू नका. कोर्टात दावा लावायला मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि हे लोक मुद्दाम गोड बोलत ती संपवतात. माझ्या वकिलांनी आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस काढली, खातेदार आणि एजंट दोघांनाही. एजंटची परत आली, ‘घर बंद’ असा शेरा मारून. फोन मात्र त्याचा चालू आहे, काल नवीन प्लॉटचे फोटो टाकलेत स्टेटसला.