पाट की ठिबक: मिरचीचा युरिया कुठे जास्त वाया जातो?

मिरचीला पाटपाणीच ठेवायचं की ठिबक करायचं, यावर पाण्याच्या बचतीचं सगळेच बोलतात. नत्राचं कोणी काढत नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असतं. त्यातलं पिकाच्या तोंडी किती लागणार हे बरंचसं पाण्याच्या पाळीवर ठरतं.

युरियाचं जमिनीत आधी अमोनियम होतं. ते काळ्या मातीला धरून राहतं. पुढे त्याचं नायट्रेट होतं, आणि ते पाणी जाईल तिकडे जातं.

पाटपाण्यात मार दोन्हीकडून. पाळी लांबली की रानाला भेगा पडतात आणि पुढचं पाणी नायट्रेट घेऊन भेगांतून मुळांखाली उतरतं. सरी तुडुंब भरली की मातीतली हवा संपते, नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. रात्रीच्या लाईटवर मोटार पहाटेपर्यंत चालली की हे ठरलेलंच. मग खालची पानं पिवळी पडतात आणि आपण आणखी युरिया टाकतो!

ठिबक यात सरस आहे, पण नुसत्या नळ्या अंथरून नत्र वाचत नाही. नळ्या 1.2 मीटरवर आणि दर 40 सेंमीला ताशी 2 लिटरचा ड्रिपर असेल, तर तासाला एकरी सुमारे 17 हजार लिटर पडतं, म्हणजे 4 मिलिमीटर. हिवाळ्यात भरातल्या मिरचीला दिवसाला साधारण तेवढंच लागतं. तेच चौथ्या दिवशी सलग चार तास सोडलं आणि खत सुरुवातीलाच व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) दिलं, तर उरलेलं साधं पाणी खताला खाली ढकलत नेतं. आधी साधं पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं, हा क्रम पाळा.

माझं मत स्पष्ट आहे: रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं चालवता येणार असेल तर ठिबकच करा. लाईट बेभरवशाची असेल तर व्हॉल्व्ह वाढवून प्लॉटच्या पाळ्या लावता येतात का, ते आधी बघा.

इतक्यात पैसा घालणं जमत नसेल तर पाटपाणी ठेवा, पण वार ठरवून पाणी देणं सोडा. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा हाताला चिकटला तर थांबा, बोटाने दाबताच फुटला तर द्या. सऱ्या आखूड ठेवा. युरिया तीन-चार हप्त्यांत, वाफशावर (रान ओलसर, पण चिखल नसताना), मातीआड करून द्या. आपल्या चुनखडीच्या रानात उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. आणि टाकल्यावर लगेच भरपूर पाणी नको, कारण अमोनियम होण्याआधी युरियाही पाण्यासोबत खाली जातो.