जुन्याच कंपनीत राहावं की पोर्ट करावं? कायमचा आजार असलेल्या घरासाठी

"तुमची सध्याची योजना बंद होत आहे, पुढचं नूतनीकरण नव्या योजनेत होईल," असं विमा कंपनीचं पत्र आलं की घरात दोन मतं पडतात. कंपनी तीच ठेवून तिच्या नव्या योजनेत जायचं, म्हणजे मायग्रेशन. नाहीतर बदलायचंच आहे तर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं. धडधाकट माणसानं हप्ता बघून ठरवलं तरी चालतं. माझ्या बायकोला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे, गोळ्यांनी भागेना म्हणून रिटुक्सिमॅब या औषधाचं इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून ठिबक, सुरू झालं. आम्ही राहतो निपाणीत, उपचार कोल्हापुरात. मी दोन्हीकडची कागदपत्रं मागवून मग ठरवलं.

नियमांच्या बाजूनं दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे पडतात. २०२४ पासून जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसीआधीच्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ, जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आला. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू असेल, तर 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ही मुदत आधी ८ वर्षांची होती. ही सगळी पुण्याई पोर्ट केलं तरी सोबत येते, पण जुन्या विमा रकमेपुरती आणि तिच्यावर साठलेल्या बोनसपुरती. ५ लाखांचे १० लाख केले, तर वरच्या रकमेला वेटिंग पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तोही दोन्हीकडे सारखाच.

फरक आहे तो छाननीचा. पोर्टमध्ये नवी कंपनी तुमचे रिपोर्ट बघते आणि नाही म्हणू शकते. मायग्रेशनमध्ये, त्यातही योजना कंपनीनंच बंद केली असेल तेव्हा, ही धास्ती फारशी नसते. तरी आमचा प्रस्ताव नवी कंपनी घ्यायला तयार होती, हे सांगायला हवं. हप्ता कमी होता, खोलीभाड्याला मर्यादा नव्हती, कोल्हापुरातली कॅशलेस रुग्णालयांची यादीही लांबलचक होती. एजंट मुलगा भला होता, फोन उचलायचा.

अडलं ते इन्फ्युजनवर. ज्यांच्या घरी हे चालतं त्यांना माहीत आहे: सकाळी दाखल व्हायचं, आधी रिअॅक्शन येऊ नये म्हणून इंजेक्शनं, मग सावकाश ठिबक, मधूनमधून बीपी बघणं, संध्याकाळी घरी. पंधरा दिवसांनी दुसरा डोस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा हेच. यात दाखल राहण्याचे २४ तास, जे विमा कंपन्या एरवी मागतात, भरत नाहीत. मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं (रिटुक्सिमॅब त्यातलंच) विमा कंपनीला सरसकट वगळता येत नाहीत, हे नियमात आहे. पण त्यावर सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमी मर्यादा, लावता येतं. शिवाय 'हे ओपीडीत झालं असतं, दाखल करायची गरज नव्हती' असंही म्हणता येतं, आणि क्लेम नेमका तिथं अडकतो.

आमच्या जुन्या कंपनीनंही सुरुवातीला हीच शंका काढली होती. डॉक्टरांनी पत्र दिलं: रिअॅक्शनचा धोका, देखरेखीची गरज, गोळ्यांनी का भागलं नाही. त्यावर बरीच पत्रापत्री झाली आणि पैसे मिळाले. त्यानंतर त्याच धर्तीचं पत्र जोडलं की क्लेम सुटतो. नव्या कंपनीला मी ईमेलवर सरळ विचारलं, हे डे-केअरमध्ये, म्हणजे एका दिवसात उरकणाऱ्या दाखल-उपचारांत, धरणार का? उत्तर आलं, क्लेम आल्यावर मेडिकल टीम ठरवेल. पुन्हा विचारलं, तरी तेच. एजंट म्हणाला, "काका, लेखी कुणीच देत नाही हो." त्याचं खरंही असेल, आधी वचन देणं कंपनीला अवघड असणार. पण बायको सलाईन लावून पडलेली असताना मला काउंटरवर उभं राहून ती पत्रापत्री पहिल्यापासून करायची नव्हती. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

तुमचा आजार वेगळा असेल तर तराजू दुसरीकडे झुकू शकतो. नुसता थायरॉइड किंवा बीपी असेल, वर्षानुवर्षं दाखल व्हायची वेळ आली नसेल, तर कमी हप्ता आणि मोकळं खोलीभाडं यांचं वजन जास्त. जुन्या कंपनीच्या नव्या योजनेत को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला ठरावीक वाटा आपण भरायची अट, घुसवला असेल, तर मीही पोर्टचा पुन्हा विचार केला असता. सीमाभागातल्या माणसानं झोनचं कलम मात्र दोन्हीकडे वाचावं. काही पॉलिसींत निपाणी, चिकोडी, खानापूरच्या पत्त्यावर हप्ता स्वस्त लागतो आणि पुण्या-मुंबईत उपचार घेतले की ठरावीक टक्के खिशातून जातात. आपल्याकडं मोठं दुखणं आलं की पाय पुण्याकडंच वळतात.

सरकारी योजनांचा विषय निघतोच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तर एपीएलला (दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला) पॅकेज दराच्या ३० टक्के मदत आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्याला कर्नाटकानं विरोध केला. दोन्ही योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालतात. आपला उपचार यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) आधी पक्कं करून घ्यावं. तोवर खाजगी पॉलिसी सोडू नये, असं मला वाटतं.

पोर्टच करायचं ठरलं, तर नूतनीकरणाच्या निदान दीड महिना आधी अर्ज टाका आणि नव्या कंपनीचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी तुटू देऊ नका. जुनी डिस्चार्ज कार्डं काढून 'आजार केव्हापासून' या रकान्यातली वर्षं जुळतात का तेही बघा. घाईत कुणी 'दहा वर्षं' लिहून टाकलं असेल, तर डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. आम्ही मायग्रेशनचा फॉर्म भरला, विमा रक्कम होती तेवढीच ठेवली आणि वरच्या रकमेसाठी वेगळा सुपर टॉप-अप, म्हणजे खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की लागू होणारा जोडविमा, घेतला. त्याचा वेटिंग पिरियड आता सुरू झालाय.