साडेअकरा हजारांचं मशीन आणि वीस पैशांची मोड

साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं आणि दूध-पनीरचं लहानसं दुकान आहे. दिवाळीच्या आधी गल्ल्यावर बिलिंग मशीन घेतलं. चावीचं, खाली ड्रॉवर, दोन इंची कागद. साडेअकरा हजार पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या निम्म्या तक्रारी मशीनच्या नाहीतच, ते लावून देणाऱ्या माणसाच्या आहेत. त्याने वीस पदार्थांचे भाव भरले, चहा प्यायला आणि गेला. सुट्या पैशांचा हिशोब मशीनकडून कसा करून घ्यायचा, ते मी इंग्रजी पुस्तिका पुढ्यात घेऊन दोन रात्रींत शोधलं.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. 480 रुपये किलोचे पेढे, 285 ग्रॅम, झाले 136.80. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली आणि मशीन म्हणालं, परत 363.20. वीस पैसे कुठून आणू? चार आणेसुद्धा 2011च्या जूनअखेरीस चलनातून गेले. आठ आणे कायद्याने चालतात, पण आमच्या पेठेत कोणी हातात घेत नाही.

चावी 'पीजीएम'वर, म्हणजे प्रोग्रॅमिंगवर, फिरवली की राउंड ऑफची सेटिंग सापडते. ती नीट बघा, कारण तिथे दोन पर्याय आहेत, प्रत्येक वस्तूला किंवा एकूण बिलाला. मी आधी पहिला ठेवला. पेढे 136.80 आणि पनीर 66.60 मिळून होतात 203.40, म्हणजे 203. मशीनने मात्र 137 अधिक 67 करून 204 लावले. एक रुपयाच, पण आमच्याकडचे पेन्शनर आजोबा बिल चष्मा लावून वाचतात. त्याच संध्याकाळी 'एकूण'वर आणलं.

दुसरी सेटिंग त्याहून गरजेची. मूळची 'कॅश' कळ नुसती दाबली की बरोब्बर तेवढेच पैसे आले असं धरून बिल बंद होतं आणि परत किती द्यायचे ते दिसतच नाही. दिलेली रक्कम भरणं सक्तीचं करून टाका. क्यूआरच्या कळीला मात्र ती सक्ती वेगळी काढावी लागते, नाहीतर मोबाइलवरून पैसे भरलेल्या माणसालाही 'किती दिले' विचारत बसतं. नोटांच्या झटपट कळांत एक दोन हजाराची होती! ती नोट मे 2023मध्येच मागे घेतलीय. तिथे मी पन्नास भरले.

आता मशीनला न जमणारी गोष्ट. पाचशे टाकले, ड्रॉवर उघडला, 363 दिसले, आणि समोरचा म्हणतो, "थांबा ताई, सदतीस सुट्टे आहेत." बिल तर बंद झालेलं. लावून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, व्हॉइड करा, म्हणजे बिल रद्द करा, आणि पुन्हा मारा. दोन आठवडे इमानदारीत व्हॉइड केले. रात्रीचा झेड रिपोर्ट, म्हणजे दिवसभराच्या बिलांचा गोषवारा, व्हॉइडनीच भरलेला, मागे रांग, आमचे हे दुधाच्या क्रेटजवळून डोळे वटारतायत. मग एका दुपारी पनीर कापताना डोक्यात आलं. सदतीस घेतले आणि चारशे दिले, तर गल्ल्यात राहिले 137च की! कागदावर 'परत 363' छापलं म्हणून रोकड थोडीच चुकणार? इतके दिवस उगाच रडत होते.

बाकी कागदावरची शाई उन्हात महिन्याभरात उडते आणि पदार्थांची नावं मराठीत छापत नाही, म्हणून पेढ्याचं स्पेलिंग मीच ठरवलं. पण गर्दीत तोंडी हिशोब करणारा पोरगा आता चुकत नाही, एवढ्यावर मी पैसे वसूल धरते. घ्यायचं तर घ्या, फक्त लावून देणाऱ्याला चहा या दोन्ही सेटिंग झाल्यावरच द्या.