चाहत्यांची कॅम्पेन खेळायचीय, पण कुठल्या 'एज'वर?

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या धाकट्या भावानं नवा लॅपटॉप घेतला आणि मला फोन केला. "दादा, तुम्ही म्हणत होता ती कॅम्पेन कशावर खेळू? जुन्या एजवर का डेफिनिटिव्हवर?" मी म्हटलं, घरी ये, चहा पिता पिता सांगतो. फोनवर सांगितलं असतं तर माझं ठरलेलं मत पहिल्या वाक्यातच तोंडातून निसटलं असतं, आणि पोरगा दुसरी बाजू न ऐकताच मोकळा झाला असता.

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. 'एज ऑफ एम्पायर्स टू', म्हणजे गावं वसवून फौजा लढवायचा तो कॉम्प्युटर गेम, आपलं 'एज', तुम्ही खेळलाय, कंपनीच्या मोहिमा (कॅम्पेन) संपवल्यात आणि आता चाहत्यांनी एडिटरमध्ये, म्हणजे नकाशे नि कथा रचायच्या गेममधल्याच साधनात, रचलेल्या मोहिमांकडे वळताय, असं धरून चालतो. व्हिलेजर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

पर्याय दोन. एक, १९९९ चा मूळ गेम, त्यावर २००० सालचं 'कॉन्करर्स' हे वाढीव पॅक आणि त्यावर चाहत्यांनीच बनवलेला यूजरपॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा संच. दुसरा, त्याच गेमची २०१९ ची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन. मधे २०१३ ची एचडी आवृत्ती येऊन गेली, पण ती माझ्याकडे कधी नव्हतीच, म्हणून तिच्यावर बोलत नाही.

दिसण्याचा विषय पटकन संपवू, कारण तिथं सामनाच नाही. डेफिनिटिव्हमध्ये कॅसल कोसळतो तेव्हा दगड न् दगड सुटा होऊन पडताना दिसतो. झूम करता येतं. लोकसंख्या पाचशेपर्यंत नेता येते, मूळ जुन्यात दोनशेवर गाडी थांबते. आणि शेतीचं तर काय सांगू! डेफिनिटिव्हमधलं शेत खोडव्यासारखं आहे, आपलं आपण पुन्हा उभं राहतं. जुन्यात दर वेळी नव्यानं लागण. गिरणीत लाकूड आगाऊ भरून ठेवता येतं हे खरं, पण ऐन लढाईत ते संपतं आणि मागं आठ व्हिलेजर हात बांधून उभे असतात. नुसतं सुख बघायचं असेल तर इथंच वाचणं थांबवा आणि डेफिनिटिव्ह घ्या. निदान तीस जीबी जागा मात्र मोकळी ठेवा.

चाहत्यांची मोहीम आणून बसवण्यातही डेफिनिटिव्ह सोपी. गेमच्या आतच मॉडची, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडांची, यादी आहे. आवडलं की एक बटण दाबायचं, सगळं जागच्या जागी येऊन बसतं. जुन्यात तुम्हीच हमाल. हेवनगेम्स या चाहत्यांच्या साइटवरच्या 'ब्लॅकस्मिथ' नावाच्या संग्रहातून झिप उतरवायची, मोहिमेची फाइल 'कॅम्पेन' फोल्डरात, आवाज 'साउंड'च्या पोटातल्या 'सिनारिओ'त, एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या फौजा चालवणाऱ्या, फाइली 'एआय'मध्ये. एक फाइल चुकली की पहिल्याच प्रसंगात राजा नुसता उभा राहतो, बोलत काही नाही, आणि आपल्याला वाटतं हा मौनव्रत धरलेला राजा कथेचाच भाग असेल. मी एक अख्खा सिनारिओ, म्हणजे मोहिमेतला एक भाग, असा मुका खेळलोय. त्यात गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकला असेल तर विंडोज काही फाइली परस्पर भलतीकडेच नेऊन ठेवतं. म्हणून सरळ डी ड्राइव्हमध्ये टाका, डोक्याला ताप नको.

इथपर्यंत पोरगा मान डोलवत होता. त्याचं जवळजवळ ठरलंच होतं.

पण गंमत अशी की चांगल्या मोहिमांपैकी कितीतरी जुन्या एडिटरवर, जुन्या एडिटरच्या अडचणींशी झगडत रचल्यात. त्या एडिटरमध्ये व्हेरिएबल, म्हणजे एखादा आकडा लक्षात ठेवायची सोय, नव्हतं, आजच्या एडिटरमधल्या कितीतरी सोयी नव्हत्या. मग लोकांनी शोधून काढलं की 'इजा करा' या आज्ञेत उणे आकडा भरला की इजा होण्याऐवजी आयुष्य वाढतं. असल्या जुगाडावर अख्ख्या कथा उभ्या आहेत. संवाद घरच्या माइकवर रेकॉर्ड केलेले, मागं पंख्याची घरघर ऐकू येते. मला ती घरघर आवडते. आमच्या तालमीच्या गणपतीसमोर पूर्वी पोरं नाटक बसवायची, तसलाच तो कारभार.

जुन्या सिनारिओ डेफिनिटिव्हच्या एडिटरमध्ये उघडतात, पण उघडणं वेगळं आणि जशीच्या तशी चालणं वेगळं. जुने संवाद एमपीथ्रीमध्ये असतात. डेफिनिटिव्हला आवाज वेगळ्या साच्यात, वेम फाइलमध्ये लागतात. कुणीतरी बसून ते बदलले नसतील तर राजा पुन्हा मुका, आणि या वेळी चूक तुमची नसते. सैनिकांची ताकद, किमती वर्षानुवर्षं बदलत आल्यात, त्यामुळं रचणाऱ्यानं 'इथं घाम फुटला पाहिजे' म्हणून ठेवलेली लढाई कधी फुसकी निघते, कधी अशक्य. उलटही खरं आहे. आता बहुतेक नव्या मोहिमा डेफिनिटिव्हसाठीच बनतात आणि त्या जुन्या गेममध्ये उघडतच नाहीत. तुमचा जीव ज्या मोहिमेत अडकलाय ती अशी नवी असेल तर प्रश्नच मिटला, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मोहीम दोन्हीकडं मिळत असेल तर मात्र मला माझी अडचण सांगू दे. तुमची ती नसेलही.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. घरी येऊन, जेवून, मुलीचा अभ्यास घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायला दहा वाजतात. पावणेअकराला डोळे मिटायला लागतात. म्हणजे दिवसाला पाऊण तास, तोही रोज मिळेलच असं नाही. चाहत्यांच्या मोहिमेतला एक सिनारिओ मात्र सहज तीन तास घेतो. या लोकांना हात आखडता घेणं माहीतच नाही. म्हणजे माझा एक सिनारिओ आठवडाभर चालतो, आणि तो आठवडाभर सगळा जीव एका सेव्ह फाइलमध्ये असतो.

डेफिनिटिव्हवर मी एक मोहीम अशीच खेळत होतो. चौथ्या भागात वेढा होता. किल्ला राखायचा, एक म्हातारा सरदार जिवंत ठेवायचा, बाहेरून मदत येईपर्यंत तग धरायचा. सहा रात्री तग धरला. दक्षिणेच्या भिंतीत कुठं दुहेरी तटबंदी घातलीय, दगड फेकणारी मंगोनेल कुठं लपवलीय, सगळं तोंडपाठ. शुक्रवारी रात्री गेम उघडला तर अपडेट. झालं अपडेट. सेव्ह उघडायला गेलो तर ती आधीच्या आवृत्तीची, म्हणून उघडत नाही. जिंकलेले तीन भाग शाबूत, पण अर्ध्यावरचा चौथा गेला. पहिल्यापासून.

बरं, एकदा होतं माणसाचं. पुन्हा सुरू केलं. चार रात्री झाल्या आणि पुन्हा अपडेट. त्या रात्री मी लॅपटॉप इतक्या हळू बंद केला की बायकोनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. गेम जिथून घेतो त्या स्टीम अ‍ॅपला सांगून ठेवता येतं की गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर. पण मी गेम सुरू करणारच असतो, त्यासाठीच तर बसलेला असतो. ऑफलाइन ठेवता येतं, तेही करून बघितलं. मग रोज खेळायला बसताना आपण ऑफलाइन आहोत ना, हे पंचांग बघितल्यासारखं बघायचं. एकदा विसरलो आणि संपलं. अपडेट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पंचवीस वर्षांहून जुना गेम कुणी अजून सांभाळतंय हे थोरच. पण त्यातलं बरंचसं काम ऑनलाइन एकमेकांशी लढणाऱ्यांसाठी असतं, आणि त्याची किंमत पाऊण तासवाला माणूस मोजतो.

थोडा स्वभावाचाही दोष असेल. आमच्या पिढीनं हा गेम लोडशेडिंगच्या दिवसांत खेळलाय. दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं, कारण दिवे कधी जातील सांगता यायचं नाही. दिवे गेले की गॅलरीत जाऊन बसायचं, आले की तिथूनच पुढं. तिथूनच पुढं, हाच तर सेव्हचा अर्थ. तो एकदा मोडला की मला गेमवर भरवसा ठेवता येत नाही.

जुना गेम बदलतच नाही, कारण त्याला आता बदलणारं कुणी नाही. महिन्यानं उघडा, वर्षानं उघडा, सेव्ह आहे तिथं आहे. मी सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर टाकून दिवाळीला गडहिंग्लजला सासुरवाडीत नेली आणि मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच आवृत्तीवर, पुढं खेळलो. सासरे म्हणाले, जावई सणाचंही काम करतात.

आता जुन्याची बाजू घेतोय म्हणून त्याची उणीदुणी झाकायला नको. नव्या विंडोजवर तो नुसता टाकला तर गवत जांभळं आणि पाणी लाल दिसू शकतं, रंकाळ्याला जलपर्णीऐवजी कुंकू आल्यासारखं. यूजरपॅच टाकला की रंग जागेवर येतात आणि रुंद स्क्रीनही भरते. चाहत्यांच्या मोहिमेला चाहत्यांचाच आधार, हे मला जरा जास्तच आवडतं. सैनिक मात्र जुन्याच वळणाचे. पुलावर अडकतात, रांगेतल्या सगळ्यात हळू गड्यासाठी सगळे थांबतात. आणि मुळात गेम सीडीवर आहे. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. पोरानं विचारलं, "दादा, सीडी म्हणजे बाहेरून ड्राइव्ह आणायचा?" होय बाबा, आणायचा. माझा आहे, घेऊन जा.

एडिटरचं वेगळं सांगतो, कारण मोहिमा खेळता खेळता एक दिवस रचायची हुक्की येतेच. मला पन्हाळ्याची आली. सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा, रात्रीच्या पावसात निसटणं, घोडखिंडीत बाजीप्रभू. कॉन्करर्समध्ये अठरा संस्कृती आहेत, भारतातली एकही नाही. मग मी सिद्दीच्या फौजेला पर्शियन घेतले आणि बाजीप्रभूंना तोच उणे आकड्याचा जुगाड. विशाळगडाची तोफ वाजली की जिंकलो, एवढीच अट. तोफेचा आवाज एमपीथ्रीत आणून फोल्डरात टाकला आणि वाजला. डेफिनिटिव्हमध्ये २०२२ पासून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड अशा चार संस्कृती आहेत, व्हेरिएबल आहेत, बाजीप्रभूंची ताकद सरळ आकडा घालून वाढते. रचायला तिथंच बसावं, हे मीही कबूल करतो. फक्त माझी तोफ तिथं अजून वाजलेली नाही. ते वेमचं प्रकरण एका रविवारी निवांत बघणार आहे.

इचलकरंजीचा माझा एक दोस्त डेफिनिटिव्हच खेळतो आणि त्याला माझं गाऱ्हाणं कळतच नाही. तो रविवारी सकाळी नाष्टा करून बसतो तो भाग संपवूनच उठतो. अर्ध्यावरची सेव्ह त्याच्याकडं नसतेच, मग जाणार काय? अशी सलग बैठक मिळत असेल, सीडी-झिपच्या खटपटीत पडायचं नसेल, तर त्याचं ऐका. माझ्यासारखं तुकड्या-तुकड्यानं खेळणार असाल तर मात्र एकदा जुन्याचा विचार करून बघा, एवढंच म्हणेन.

पोरगा ड्राइव्ह घेऊन गेला. डेफिनिटिव्हही सेलमध्ये घेतली म्हणे, दोन्ही बघतो म्हणाला.

मी तीच मोहीम आता जुन्या गेमवर खेळतोय. चौथ्या भागाच्याच वेढ्यात आहे. मार्चअखेरमुळं दोन आठवडे कॉम्प्युटर उघडला नव्हता. काल रात्री उघडला. म्हातारा सरदार होता तिथंच, दक्षिणेच्या भिंतीपाशी उभा होता.