'लाइव्ह अॅट लीड्स' घ्यायचा, पण कोणता?

१४ फेब्रुवारी १९७०, लीड्स विद्यापीठातला विद्यार्थ्यांच्या जेवणाचा हॉल. पीट टाउनशेंडच्या गिटारचं खरं माप घ्यायचं असेल तर 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या स्टुडिओ रेकॉर्डआधी ही रात्र ऐकावी. तिचा 'लाइव्ह अॅट लीड्स' हा अल्बम आज कितीतरी रूपांत विकला जातो आणि घेणारा हमखास गोंधळतो.

मूळ एलपीवर सहाच गाणी, जेमतेम ३८ मिनिटं. जोर जबरदस्त आहे, पण कार्यक्रमाचा बराच भाग गायब. जुनी प्रत घेताना दोन गोष्टी तपासा. खाकी कव्हरच्या आत बँडच्या कागदपत्रांच्या १२ नकला असायला हव्यात. वापरलेल्या प्रतींत त्या बहुतेक वेळा अपुऱ्या असतात, म्हणून पैसे देण्याआधी मोजून घ्या. दुसरं म्हणजे चरचर. ती ऐकून सुई बदलायला धावू नका. आवाज मूळ टेपवरच आहे, आणि चरचर चालेल, दुरुस्त करू नये, अशी हाताने लिहिलेली सूचना लेबलवरच छापली आहे.

१९९५च्या सीडीत ती चरचर काढली आणि गाणी १४ झाली. एका बाजूला जॉन एंटविसलचा बास, दुसऱ्या बाजूला गिटार, मध्ये कीथ मूनचे ड्रम्स. हेडफोन लावून नुसता बास धरून ठेवा: टाउनशेंड सोलोकडे वळला की मागची जागा रिकामी पडत नाही, कारण तिथे बासच दुसऱ्या गिटारचं काम करतो. अडचण एकच. सीडी सुमारे ७७ मिनिटांची, त्यामुळे त्या रात्री वाजवलेलं 'टॉमी', म्हणजे गाण्यांतून एक गोष्ट सांगणारा त्यांचा रॉक ऑपेरा, तिच्यात मावलं नाही. त्यातला एकच तुकडा घेतला. मग 'माय जनरेशन'च्या पंधरा मिनिटांच्या लांबणीत 'टॉमी'च्या सुरावटी परत येतात तेव्हा त्या कुठून आल्या हेच नव्या श्रोत्याला कळत नाही. ही उणीव छोटी नाही.

म्हणून २००१ची दोन सीडींची आवृत्ती घ्यावी. तिच्यात त्या रात्री वाजलेलं अख्खं 'टॉमी' आहे, फक्त ते उचलून दुसऱ्या सीडीवर ठेवलंय. मंचावर ते मधोमध वाजलं होतं. तेव्हा प्लेलिस्ट अशी लावा: पहिल्या सीडीची पहिली ९ गाणी ('अ क्विक वन'पर्यंत), मग दुसरी सीडी सलग, शेवटी पहिल्या सीडीची उरलेली ४. दोन गाण्यांमधला विराम शून्यावर ठेवा, नाहीतर टाळ्या मध्येच तुटतात. असं लावल्यावर 'टॉमी'चा शेवट संपतो आणि 'समरटाइम ब्लूज' अंगावर येतं. त्या रात्रीची चढण तेव्हाच कळते.

२०१०चा मोठा संच (४ सीडी, एलपी, एक छोटी तबकडी, पुस्तक) मात्र सगळ्यांसाठी नाही. त्यात दुसऱ्या दिवशीचा, १५ फेब्रुवारीचा हल शहरातल्या सिटी हॉलमधला कार्यक्रमही आहे. तो इतकी वर्षं अडकून पडला होता, कारण सुरुवातीच्या काही गाण्यांचा बास टेपवर उतरलाच नव्हता. तिथे लीड्सचा बास आणून जोडलाय. काम इतकं सफाईदार आहे की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, पण त्या गाण्यांवरून दोन रात्रींच्या बासची तुलना करायला जाऊ नका. दोन्हीकडे वादन लीड्सचंच आहे. फक्त हलसाठी एवढा संच घ्यायची गरज नाही, २०१२पासून तो कार्यक्रम वेगळा मिळतो.