हातपंपाचा प्रेशर टेस्टर, आठ महिन्यांनंतर: तीन गळत्या खऱ्या, एक खोटी

आधी गाडीबद्दल. 1967 ची, चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, 7 पौंडांचं झाकण, म्हणजे दर चौरस इंचाला 7 पौंड दाब झाला की उघडणारं. एक्स्पान्शन टँक नाही. जास्तीचं पाणी झाकणाखालच्या बारीक नळीतून थेट जमिनीवर. दर शंभरेक किलोमीटरला पाव लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी व्हायचं आणि उभ्या गाडीखाली टिपूससुद्धा नाही. एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि "हेड गॅस्केट गेलंय" म्हणून मोकळा झाला. म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. त्याच्या शब्दावर हेड उतरवायचं जिवावर आलं होतं, म्हणून आधी स्वतः खात्री करू म्हटलं आणि हा टेस्टर घेतला.

वस्तू अगदी साधी. एक हातपंप, त्यावर 0 ते 30 पौंडांचा गेज, हातभर नळी आणि वेगवेगळ्या गळ्यांना बसणारे अडॅप्टर. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, तिथे अडॅप्टर बसवायचा, पंप मारून दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं: काटा उतरला तर कुठेतरी गळती. चालत्या इंजिनात जो थेंब पंख्याच्या वाऱ्याने उडतो किंवा गरम लोखंडावर वाळून जातो, तो इथे जागच्या जागी लोंबकळत राहतो. या अवजाराची सगळी किंमत एवढ्यात आली.

दाब मात्र आपल्या झाकणावर लिहिलाय तेवढाच भरायचा. गेज 30 पर्यंत जातो म्हणून हात शिवशिवतात, पण 7 पौंडांसाठी बनवलेल्या जुन्या रेडिएटरच्या सोल्डरवर 15 चा भार टाकलात तर नवी गळती तुम्हीच तयार कराल.

आता खोट्या गळतीची गोष्ट, कारण तिने माझे दोन रविवार खाल्ले. पहिल्याच दिवशी काटा दहा मिनिटांत 7 वरून 5 वर आला. टॉर्च घेऊन सगळीकडे शोधलं, सगळं कोरडं. दोन होज बदलले, ते तसेही कडक झाले होते. काटा पुन्हा 5 वर. हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) आतल्या आत पाझरतोय या संशयाने पुढच्या सीटखालचं मॅटिंगसुद्धा उचलून बघितलं. शेवटी वैतागून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं, आणि फेस आला तो टेस्टरच्याच अडॅप्टरवर! रबरी वॉशरवर साच्याची केसाएवढी रेघ आडवी राहिली होती. तिथून पाणी नाही, नुसती हवा जात होती, मग ओल कुठे दिसणार? वॉशर बदलला आणि काटा एकदम शहाण्यासारखा वागू लागला. नवीन वस्तूत हे चालवून घेण्यासारखं नाही. तेव्हापासून दर वेळी आधी टेस्टरच्या जोडाला फेस लावतो, मग गाडीकडे वळतो.

खरी गळती क्रमांक एक थर्मोस्टॅट हाउसिंगच्या होजची क्लिप. आवळली, संपलं.

दुसरी वॉटर पंपाची. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता इथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे ते बुजवण्याचा उद्योग करू नये. माझ्या पंपाच्या भोकाभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरट हिरवी खरपुडी होती. ती मी वर्षभर जुनी घाण समजून पुसत होतो. 7 पौंड भरून वीस मिनिटं थांबलो तेव्हा भोकाच्या कडेला हिरवा थेंब हळूहळू फुगला आणि खाली पडला. पंखा त्याच पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे गाडी चालू असताना हाच थेंब मागे ब्लॉकवर उडणार. पंप बदलला. त्यापेक्षा ब्लॉकला चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडायलाच जास्त वेळ लागला.

तरीही तासाभरात एक पौंड उतरायचाच. तिसरीने मात्र घाम काढला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे ब्लॉकमध्ये वेल्च प्लग असतात, पत्र्याच्या बशीसारख्या टिकल्या. तिथे नजर पोचत नाही. तारेला बांधलेला छोटा आरसा आत सरकवला, टॉर्च मारला, तर मधल्या प्लगच्या कडेवर सुईच्या टोकाएवढी ओल चमकत होती. थेंब मॅनिफोल्डवर पडायचा आणि गाडी तापलेली असेल तर वाफ होऊन जायचा. जमिनीवर काही का सापडत नव्हतं आणि चढ चढल्यावर बॉनेटमधून तो गोडसर वास का यायचा, दोन्ही कोडी एकदम सुटली.

मॅनिफोल्ड काढला, प्लगच्या एका बाजूवर ड्रिफ्टने (बोथट धातूच्या दांड्याने) ठोकलं, तो आडवा फिरला आणि पकडीने ओढून काढला. बाहेरून धडधाकट दिसणारा प्लग आतून गंजून कागदासारखा झाला होता. मागे लाल चिखल इतका, की तो चमच्याने खरवडून काढावा लागला. नवे प्लग पितळी घेतले, आणि एक खराब निघाल्यावर शेजारचे दोन का ठेवायचे, म्हणून तेही बदलले.

राहता राहिलं हेड गॅस्केट. थंड इंजिनला टेस्टर लावूनच गाडी सुरू केली. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असता तर काटा काही सेकंदांतच उसळला असता. माझा जागचा हलला नाही. वर निळ्या द्रावणाची चाचणीही करून घेतली, ज्वलनाचा गॅस मिळाला की ते पिवळं पडतं. निळं ते निळंच राहिलं. हेड अजून तसंच आहे.

सगळ्यात शेवटी तपासलं ते झाकण, जे खरं तर सगळ्यात आधी तपासायला हवं होतं. सोबतच्या जोडणीवर चढवलं तर 7 चं झाकण 4 लाच उघडत होतं. 7 पौंडांना साधं पाणी साधारण 111 अंशांना उकळतं, 4 ला 107 लाच. शिवाय मी प्रत्येक फेरीनंतर रेडिएटर काठोकाठ भरत होतो. पाणी तापून फुगलं की जास्तीचं नळीतून बाहेर जाणारच. म्हणजे त्या पाव लिटरमधला बराचसा वाटा माझाच!

टेस्टरच्या तक्रारी: आठ महिन्यांत काटा शून्यावर यायचा थांबलाय, एकवर टेकतो. पेटीची बिजागरी तुटली. चौदा अडॅप्टरांपैकी मला दोनच लागले. आणि काढण्याआधी दाब सोडायचं बटण दाबायला विसरू नका. एकदा विसरलो आणि थंडगार कूलंट तोंडावर घेतलं. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्र्यामांजरांना ओढ लागते, म्हणून खाली ट्रे ठेवतोच. एकच जुनी गाडी असेल आणि मित्राकडे टेस्टर असेल तर मागून आणा. दोन गाड्या असतील तर घ्या, पण वॉशर बोटाने चाचपून.

आता पातळी गळ्याखाली दोन बोटं ठेवतो. गेल्या सहाशे किलोमीटरमध्ये वरून काही ओतलेलं नाही. हीटरचा व्हॉल्व्ह दांडीपाशी किंचित ओलसर वाटतोय, त्याच्याखाली पुठ्ठा ठेवून आलोय.