खासदारांचं मस्टर: पीआरएसचं ‘एमपी ट्रॅक’ वापरून पाहिलं

३४ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी हेडक्लार्क म्हणून मस्टर सांभाळण्यात गेली. सही म्हणजे काम नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको. सकाळी सही ठोकून टपरी गाठणारे पाहिलेत, आणि सही करायचीच विसरून संध्याकाळपर्यंत फायलीत डोकं घालून बसलेलेही. २०२४ च्या निवडणुकीत आमच्या खासदारांचं पत्रक दारात आलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘संसदेत विक्रमी हजेरी, विक्रमी प्रश्न’. पत्रक वाटणारा पोरगा म्हणाला, “काका, आकडे पीआरएसचे आहेत, बघा हवं तर.” बघितले. तेव्हापासून बघतोच आहे.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीतली संस्था, २००५ पासूनची. ‘एमपी ट्रॅक’ हा तिच्या संकेतस्थळाचा एक भाग. पैसे लागत नाहीत. खासदाराचं नाव शोधलं की चार रकाने समोर येतात: हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः मांडलेली). शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी. मला सगळ्यात आवडली ती ही सरासरी. पत्रकावरचा एकटा आकडा कितीही फुगवून सांगता येतो. बाजूला महाराष्ट्राची सरासरी बसली की विक्रमाची हवा निघते. आमच्या साहेबांची हजेरी चांगली होती, पण विक्रमबिक्रम काही नाही. सगळं इंग्रजीत आहे, ही माझी पहिली तक्रार. मतदार मराठी आणि प्रगतिपुस्तक इंग्रजी.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखी फसगत होईल. नितीन गडकरींचं पान उघडलं तर हजेरीचा आकडाच नाही. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. तसं नाही. मंत्र्यांना हजेरीच्या नोंदवहीत सही करावी लागत नाही, आणि ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणून ते रकाने रिकामे.

प्रश्नांचा रकाना मी सगळ्यात जास्त चाळला. तारीख, विषय, मंत्रालय, तारांकित की अतारांकित, सगळं दिलेलं असतं. लोकसभेत दिवसाला फक्त २० तारांकित प्रश्न लागतात, तेच सभागृहात तोंडी उत्तरासाठी. अतारांकित २३०, त्यांची उत्तरं लेखी. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं, म्हणजे थोडा नशिबाचा भाग आलाच. शिवाय एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले जातात. उत्तर एक, वर नावं पाच-सहा खासदारांची. तेव्हा नुसती संख्या बघून हुरळून जाऊ नका, विषय वाचा. आमच्या साहेबांच्या यादीत विमानतळांवर ढीगभर प्रश्न आहेत. आमच्या मतदारसंघात विमानतळ नाही. पाण्याचे टँकर आहेत.

खासगी विधेयकांबद्दल थोडक्यात. १९५२ पासून आजवर अशी १४ विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० साली. मग मांडायची कशाला? विषय चर्चेत यावा म्हणून. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं होतं. कायदा झाला नाही, पण वर्तमानपत्रांत बरंच लिहून आलं. (आमच्या वेळी हा हक्क असता तर माझी अर्धी जेवणं तरी गरम झाली असती.)

आता खरी उणीव. खासदारानं कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, याचा रकानाच नाही. रागावून शोधायला गेलो तर कळलं, दोष पीआरएसचा नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. ‘हो’ किती आणि कुणाचे, याची नोंदच होत नाही. कुणी मतविभाजन, म्हणजे मतांची मोजणी, मागितलं आणि ते झालं, तरच नावं कागदावर येतात. घटनादुरुस्तीला मात्र मोजणी लागतेच. म्हणून २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असा हिशेब लागला, आणि विरोधातले दोघे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील, हे आपल्याला ठाऊक आहे. मत पटो न पटो, नोंद तरी आहे. बाकी वेळी नावं मिळाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की मत पक्षाचंच. त्या रकान्यातून माणूस फारसा कळला नसताच.

माणूस कळतो तो समितीत, आणि तो रकानाही इथे नाही. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या संसदेच्या विभागवार स्थायी समित्या २४. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही, म्हणून भाषण ठोकायचं कारण नाही. कोण बोललं ते बाहेर येत नाही, पण कोण आलं ते येतं. ही युक्ती मला उशिरा सापडली: संसदेच्या संकेतस्थळावर समितीचे अहवाल असतात, त्यांच्या शेवटी बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं, आणि इतिवृत्ताच्या सुरुवातीलाच उपस्थितांची यादी. म्हणजे मस्टरच!

एमपी ट्रॅकला ५ पैकी साडेतीन. अर्धा गुण मराठी नसल्याबद्दल कापला, एक समित्यांसाठी. मतांचा गुण कापलेला नाही.

समितीचं मस्टर मी स्वतःच उतरवून काढतोय, जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर. आतापर्यंत १७ बैठका झाल्या, साहेबांचं नाव ६ ठिकाणी. तो पत्रकवाला पोरगा परवा रस्त्यात भेटला, त्याला सांगितलं. म्हणाला, “काका, हे कुठं छापू नका हं.”